कावळा बसायला, फांदी मोडायला : एका चुकलेल्या सुडाचं प्रकरण

डेन्मार्कमध्ये एका माणसाची मान मोडली गेली, कारण भलत्याच एका माणसाने जवळजवळ अख्खं सँडविच कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं.

'रायडर्स ऑफ जस्टिस' या २०२०च्या डॅनिश चित्रपटाची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येईल असं मला वाटत नाही. दिग्दर्शक अँडर्स थॉमस येन्सन, मुख्य भूमिकेत मॅड्स मिकेल्सन. डॅनिश नावाचा अर्थ 'न्यायाचे स्वार'. पोस्टरवर दाढी वाढवलेला, डोक्याचा गोटा केलेला, हातात बंदूक घेतलेला मिकेल्सन बघून आपण ठरवतो की बायको मेली, नवरा पेटला, आता गुंडांची रांग लागणार. रांग लागतेही. पण मधे एक असा क्षण येतो की तोवर मोजलेली सगळी प्रेतं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

मी विमा दाव्यांची छाननी करते. कुठल्याही प्रकरणात दोन गोष्टी शोधायची सवय जडली आहे : कुणाला काय, कधी माहीत होतं, आणि थांबता येण्याजोगी शेवटची जागा कुठली होती. पहिल्यांदा हा चित्रपट मी हसत, दचकत पाहिला. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले. पुढचं सगळं त्या वहीतलं आहे, त्यामुळे चित्रपट पाहायचा असेल तर आधी पाहून या. इथे शेवट फोडला आहे.

घटनाक्रम

सुरुवात होते एस्टोनियातल्या तालिनमध्ये. नाताळ जवळ आलाय. एका वृद्ध गृहस्थाचा हात धरून एक मुलगी सायकल बघायला आली आहे. समोर आहे ती लाल, तिला हवी निळी. विकणारा म्हणतो, बघतो, आणि फोन लावतो. मग डेन्मार्कमध्ये एक निळी सायकल चोरीला जाते.

ती सायकल मटिल्डेची. शाळकरी, वयात आलेली मुलगी. सायकल नाही म्हणून आई, एमा, तिला गाडीने सोडायला निघते, तर गाडी सुरू होत नाही. तेवढ्यात अफगाणिस्तानातून नवऱ्याचा फोन येतो. मार्कुस सैन्यात आहे आणि त्याचं परतणं आणखी काही महिने लांबलं आहे. एमाचा दिवस तिथेच बिघडतो. ती म्हणते, जाऊ दे शाळा, आज शहरात भटकू. परतीच्या लोकलमध्ये ओटो नावाचा एक अवघडलेला गृहस्थ उठून तिला आपली जागा देतो. त्यानंतर काही क्षणांत अपघात होतो आणि डब्याची एक बाजू उडून जाते. एमा जागेवर जाते. मटिल्डे वाचते, ओटोही वाचतो.

ओटो संख्याशास्त्रवाला आहे. त्याच दिवशी त्याची आणि त्याचा सहकारी लेनार्ट याची नोकरी गेलेली असते. दोघांनी खूप खपून एक अल्गोरिदम केला, मोटार कंपनीच्या साहेबलोकांसमोर मांडला, आणि निष्कर्ष काय निघाला, तर गरीब लोक स्वस्त गाड्या घेतात आणि श्रीमंत महाग. हा प्रसंग विनोदी आहेच, पण येन्सन इथेच आपल्याला इशारा देऊन ठेवतो. ज्या यंत्राने पुढे खुनी शोधायचा आहे, त्याची धाव कुठवर आहे हे त्याने आधीच दाखवलंय.

गाडीत ओटोने दोन माणसं पाहिली होती. एक अंगभर गोंदवलेला. तो एका टोळीच्या म्होरक्याविरुद्ध साक्ष देणार होता असं नंतर कळतं, आणि तोही अपघातात गेला. टोळीचं नाव 'रायडर्स ऑफ जस्टिस'. दुसरा माणूस अपघाताच्या अलीकडच्याच स्टेशनावर उतरला आणि उतरताना हातातलं नवंकोरं सँडविच नि पेय डब्यात टाकून गेला. ओटोच्या डोक्यात ही दोन टोकं जुळली. साक्षीदार मेला, आणि घाईने उतरलेला एक जण वाचला. एवढा योगायोग असूच शकत नाही. पोलिसांनी त्याचं ऐकून घेतलं आणि वाटेला लावलं.

खरा अपघात कसा असतो

इथे जरा थांबते, कारण डॅनिश प्रेक्षकाच्या मनात ही दृश्यं बघताना दुसरं काहीतरी असणार. २ जानेवारी २०१९ला सकाळी, वादळी वाऱ्यात, डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट सामुद्रधुनीवरच्या पुलावर एका प्रवासी गाडीला समोरून येणाऱ्या मालगाडीवरून निसटलेला ट्रेलर धडकला. ८ माणसं गेली. चित्रपट त्यावर बेतलाय असं मी म्हणणार नाही, पण देश तोच, गाडीतली माणसं तशीच, आणि मधे दोन वर्षांचंसुद्धा अंतर नाही.

त्या खऱ्या अपघाताच्या तपासात काय निघालं? ट्रेलर वाघिणीवर धरून ठेवणारी कडी नीट अडकलेली नव्हती. वारा होता, ट्रेलरमध्ये बिअरचे रिकामे क्रेट होते, म्हणजे वजन कमी. बस. कुणाची सुपारी नव्हती, कुणाचा बदला नव्हता. एक कडी होती.

कडीवर सूड उगवता येत नाही. आमच्या कामात हे रोज दिसतं. 'ब्रेक निकामी' असा शेरा असलेल्या फायलीवर घरच्यांचे जेवढे फोन येतात, त्याच्या निम्मेही 'समोरच्या वाहनचालकाची चूक' या शेऱ्यावर येत नाहीत. दुसऱ्यात निदान नाव घ्यायला माणूस असतो.

मर्यादा खाली ओढली जाते

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण. त्यात ना बंदूक आहे, ना रक्त. तीन मध्यमवयीन पुरुष संगणकासमोर बसलेत. ओटो, लेनार्ट आणि एमेंथालर. हा तिसरा अगडबंब, चिडका, हॅकिंगमध्ये तरबेज, आणि पडद्याचं रिझोल्यूशन कमी असेल तर जगबुडी आल्यासारखा ओरडणारा. तिघं मिळून सँडविचवाल्याचा चेहरा शोधायला घेतात.

यंत्र उत्तर देतं. जवळजवळ पूर्ण जुळणारा चेहरा सापडतो, पण तो निघतो इजिप्तमधला एक माणूस. इजिप्तच्या माणसाचं इथे काय काम? उत्तर पसंत पडत नाही. मग ते जुळणीची मर्यादा थोडी खाली आणतात. आता आणखी चेहरे येतात, आणि त्यांत एक सापडतो, पाले ओलसन. टोळीचा म्होरक्या कुर्त ओलसन याचा सख्खा भाऊ!

तिघांच्या अंगावर काटा येतो. बघणाऱ्याच्याही येतो. पहिल्या वेळी माझ्याही आला होता, हे कबूल करते. दुसऱ्या वेळी मी तिथे चित्रपट थांबवला आणि वहीत लिहिलं : इथे.

कारण घडलं ते असं. प्रश्न होता 'हा माणूस कोण?' त्याचं उत्तर आलं, ते गोष्टीत बसेना, म्हणून गोष्टीत बसणारं उत्तर येईपर्यंत चाळणीची भोकं मोठी केली. मोठ्या भोकांतून काहीतरी पडणारच होतं. पडलेल्यात एक ओळखीचं आडनाव दिसलं, आणि ते दिसलं हाच पुरावा ठरला.

आकड्यात बघायचं तर एक कल्पित हिशोब करू. समजा, ढिल्या केलेल्या मर्यादेवर दर दहा हजार चेहऱ्यांमागे एक चेहरा चुकीचा जुळतो. ऐकायला यंत्र भलतंच अचूक वाटतं. पण डेन्मार्कची लोकसंख्या साधारण ५८ लाख. सगळे चेहरे चाळले तर ५८० निरपराध माणसं 'जुळली' म्हणून पुढे येतील. त्या ५८०मध्ये एखाद्याचा भाऊ गुंड असणं यात नवल ते काय? नवल ओटोला वाटलं, कारण त्याने उरलेल्या ५७९ जणांकडे पाहिलंच नाही. आणि तो संख्याशास्त्रवाला आहे! हे त्याला येत नव्हतं असं नाही, त्याला त्या वेळी ते नको होतं.

माझ्या टेबलावरचं एक उदाहरण सांगते. एकाच माणसाने दोन पॉलिसी लपवून काढल्यात का, हे शोधायला आमच्याकडेही जुळणीचं सॉफ्टवेअर आहे. नाव, वडिलांचं नाव, तालुका, जन्मतारीख. एकदा त्याने मोठ्या खात्रीने एक जोडी काढून दिली. नाव तेच, तालुका तोच, जन्मतारीख तीच, १ जून. बाहेरून बसवलेल्या त्या सॉफ्टवेअरच्या हिशोबाने तारीख जुळणं म्हणजे ३६५त एक. पण गावाकडच्या मागच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 'जन्म कधीचा?' विचारलं, आईबापांनी 'त्या मोठ्या पुराच्या साली' असं काहीतरी सांगितलं, आणि गुरुजींनी १ जून लावून टाकला. अर्धा वर्ग १ जूनचा. आमच्या साहेबांचं 'फ्रॉड' असं लिहूनही झालं होतं. मी दोन्ही नंबरांवर फोन लावला. दोन वेगळे म्हातारे निघाले. त्यांतला एक म्हणाला, "तो होय, तो आमच्या शेजारच्या गावचा, नावामुळं त्याची पत्रं बी माझ्याकडंच येत्यात."

एक फोन. ओटोच्या टोळक्याने तोच केला नाही.

यात चित्रपटाने फार ताणलंय असं वाटत असेल तर २०१९चाच डेन्मार्क बघा. मोबाइल फोनच्या ठावठिकाण्याची माहिती वाचणाऱ्या यंत्रणेत चुका असल्याचं तिथे उघड झालं, दहा हजारांहून जास्त जुने खटले पुन्हा तपासायला काढावे लागले, आणि असा पुरावा न्यायालयात वापरणं दोन महिने थांबवलं गेलं. जवळच्या नेदरलँड्समध्ये लुसिया डी बर्क या परिचारिकेला २००३ साली जन्मठेप झाली. तिच्या पाळीत इतके मृत्यू आणि आणीबाणीचे प्रसंग योगायोगाने घडण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा आकडा खटल्यात मांडला गेला होता. संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशोब उधळून लावला, प्रकरण पुन्हा उघडलं, आणि २०१०मध्ये ती निर्दोष सुटली. खून झालेच नव्हते. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि मग सगळे कावळ्याचं वजन करायला बसतात.

दार उघडतं

तिघं पुरावा घेऊन मार्कुसच्या दारी जातात. तो नुकताच परत आलाय. सरकारने देऊ केलेलं समुपदेशन त्याने नाकारलंय. मुलीला जवळ घेता येत नाही, बोलता येत नाही. ती आई आता कुठे असेल असं चाचपडत विचारते, तर हा सांगतो की मेलेलं माणूस कुठेही नसतं, संपलेलं असतं. अशा माणसाला तिघं अनोळखी येऊन सांगतात की तो अपघात नव्हता. मिकेल्सनच्या चेहऱ्याकडे बघा त्या वेळी. संतापाच्या आधी तिथे सुटका दिसते. आता करण्यासारखं काहीतरी आहे.

ते पालेच्या घरी जातात. पाले दार उघडतो, शिव्या देतो, पिस्तूल रोखतो आणि हाकलून देतो. चौघं मुकाट गाडीकडे परततात. आणि मार्कुस मागे वळतो, पुन्हा दारात जातो, पिस्तूल हिसकावतो आणि नुसत्या हातांनी पालेची मान मोडतो. काही सेकंदांचं काम.

गाडीतल्या तिघांची जी तारांबळ उडते ती चित्रपटातल्या सगळ्यात हसवणाऱ्या जागांपैकी एक आहे. यांना काय वाटलं होतं, हा चहा प्यायला आलाय? इतका वेळ ते टक्केवारीत बोलत होते, आणि टक्केवारीला मान असते हे त्यांना आत्ता कळलं. येन्सनची विनोदाची तऱ्हा अशी आहे. तो मेलेल्यावर हसत नाही, दुःखावर तर नाहीच. तो हसतो ते मरण समोर आल्यावरही माणसं आपापल्या खोडी सोडत नाहीत यावर. कुणी ठशांची काळजी करतोय, कुणी कुणावर ओरडतोय, आणि मधे एक प्रेत.

छाननीवाली म्हणून माझ्या वहीत या प्रसंगापुढे एकच ओळ आहे : प्रश्न विचारला नाही. 'त्या दिवशी तू गाडीत होतास का?' एवढंसुद्धा कुणी विचारलं नाही. पाले मेला तो पुराव्यामुळे नाही. त्याने एका सैनिकावर पिस्तूल रोखलं म्हणून मेला. पुरावा त्यांना दारापर्यंत घेऊन गेला, पुढचं काम हाताच्या सवयीने केलं. आणि एकदा तो मेल्यावर पडताळणीची वाट बंद झाली. मेलेल्या माणसाची उलटतपासणी होत नाही.

पुरावा आपल्या पायांनी चालत येतो

यानंतर जे होतं ते मला मुळातल्या चुकीपेक्षाही भयंकर वाटतं. टोळीला कळतं की म्होरक्याचा भाऊ मारला गेला. टोळी या लोकांच्या मागे लागते. गोळ्या झाडल्या जातात, मार्कुस सरावाने एकेकाला टिपतो. आता या चौघांच्या नजरेने बघा. टोळी आपल्याला मारायला आली! म्हणजे आपला संशय खराच होता की!

वास्तविक टोळी आली ती भावाचा सूड घ्यायला. मार्कुस सुडाने पेटलाय, कुर्तही पेटलाय, आणि दोघांतल्या एकालाच सूड घ्यायला खरं कारण आहे. ते म्हणजे कुर्तला. नायकाचा सूड पोकळ आणि खलनायकाचा रास्त, अशी मांडणी सुडाच्या चित्रपटांत क्वचित दिसते, आणि येन्सन ती बोलून दाखवत नाही. आपण गोळीबार बघण्यात गुंग असतो तेव्हा ती शेजारून निघून जाते.

चुकीच्या निदानावर दिलेल्या औषधाने जी नवी लक्षणं येतात, तीच मूळ रोगाचा पुरावा म्हणून धरावीत, तसं हे आहे. प्रत्येक पावलागणिक मागे फिरणं महाग होत जातं. दोन प्रेतांनंतर 'आपलं चुकलं असेल का?' हा प्रश्न परवडतो का?

परवडत नाही, म्हणून तो बाहेरच्याने विचारावा लागतो. पालेच्या घरात बोदाश्का नावाचा एक युक्रेनी तरुण बांधलेल्या अवस्थेत सापडला होता. त्याला शरीरविक्रयासाठी वापरलं जात होतं. हे त्याला सोबत घेऊन येतात आणि तो मार्कुसच्या घरात स्वयंपाकपाणी बघत हळूहळू घरचाच होऊन जातो. एक दिवस त्याच्या नजरेला सँडविचवाल्याचा फोटो पडतो. तो सहज सांगतो, हा पाले नाही.

पालेला खरोखर जवळून ओळखणारा एकुलता एक माणूस इतके दिवस त्याच घरात होता. त्याला फोटो दाखवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग इजिप्तचा माणूस आठवतो. जवळजवळ पूर्ण जुळलेला, पहिला, बाजूला सारलेला. यंत्राने बरोबर सांगितलं होतं.

गुन्हेगार कुणाला हवा होता

सूड मार्कुसचा आहे असं सगळे धरून चालतात. माझं मत वेगळं आहे. ही फाइल उघडली ओटोने, आणि ओटोला गुन्हेगार हवा होता तो स्वतःच्या सुटकेसाठी. जागा त्याने दिली होती. तो उठला नसता तर तो मेला असता आणि एमा उभी राहून कदाचित वाचली असती. त्यात त्याच्या आयुष्यात आधीची एक जखम आहे. स्वतःच्या हातून झालेल्या मोटार अपघातात त्याने मुलगी गमावली आहे, त्याचा एक हात तेव्हापासून निकामी आहे. एकदा तो खरोखर दोषी होता. दुसऱ्यांदा तो फक्त सभ्य होता. दोन्हींचा शेवट सारखाच झाला. हे सोसायचं कसं? कट असेल तर निदान जागा देणं हे कारण उरत नाही.

येन्सनकडे ही माणसं एका दिवसात आलेली नाहीत. सुसाने बिअर या दिग्दर्शिकेसाठी त्याने लिहिलेल्या २००४च्या 'ब्रदर्स'मध्ये अफगाणिस्तानातून मोडून परतलेला सैनिक आहे. त्याच जोडीच्या २०१०च्या चित्रपटाचं डॅनिश नावच 'सूड' असं आहे, आणि त्याला परभाषी चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्या चित्रपटांत तो गंभीर असतो. स्वतः दिग्दर्शन करतो तेव्हा तीच दुखणी घेऊन तो विनोदाकडे वळतो, आणि मिकेल्सन त्याच्या प्रत्येक चित्रपटात असतो. मला विचाराल तर दुखणं या विनोदी चित्रपटांतच जास्त खोल जातं. गंभीर चित्रपट बघताना आपण रुमाल काढून तयारीत बसलेले असतो. इथे लेनार्ट मानसोपचारतज्ज्ञ असल्याची थाप मारून मटिल्डेशी बोलायला बसतो. त्याची पात्रता एवढीच की रुग्णाच्या खुर्चीत त्याचं अर्धं आयुष्य गेलंय. आपण त्याच्या थापेला हसत असतो, आणि मधेच लक्षात येतं की या घरात आईबद्दल त्या पोरीशी नीट बोललेला हा पहिलाच मोठा माणूस आहे.

मटिल्डेचं मात्र वेगळं. तिने खोलीच्या भिंतीवर रंगीत चिकटचिठ्ठ्या लावल्यात. सायकल चोरीला गेली. गाडी सुरू झाली नाही. बाबांचा फोन आला. प्रत्येक चिठ्ठी पुढच्या चिठ्ठीकडे बोट दाखवते, शेवटची चिठ्ठी आई. ओटो ती भिंत बघतो आणि तिला समजावतो, यात काही अर्थ नाही. या प्रत्येक घटनेमागे आणखी अगणित घटना आहेत, त्या सगळ्यांची यादी कधीच पुरी होणार नाही, आणि झाली तरी हातात काही येणार नाही.

हा प्रसंग मी तिसऱ्यांदा फक्त ओटोचा चेहरा बघण्यासाठी पाहिला. तो जे तिला सांगतोय तेच त्याने स्वतःला सांगायला हवं होतं, आणि ते त्याला माहीत आहे. ओटो झालेला निकोलाय ली कास हे नुसत्या नजरेने करतो. मुलीकडे चिठ्ठ्या होत्या, त्याच्याकडे सॉफ्टवेअर होतं, एवढाच काय तो फरक.

आणि इथे येन्सनने आपल्यालाही पकडलंय. मटिल्डेची पहिली चिठ्ठी सायकलची. आपण मनात म्हणतो, पोरी, तुला कुठे माहीत, त्याच्याही आधी तालिनमधली मुलगी आहे, निळ्या रंगाचा हट्ट आहे! म्हणजे दोन तास आपण आपली एक जादा चिठ्ठी खिशात घेऊन बसलेलो होतो. ओटोला हसत होतो आणि तेच करत होतो. त्या मुलीने लाल सायकल घेतली असती तर एमा वाचली असती, असं आपल्याला अगदी पहिल्या मिनिटापासून वाटत आलंय. चोरांनी दुसऱ्याच कुणाची निळी सायकल उचलली असती तर? या प्रश्नाला आपल्या गोष्टीत जागाच नव्हती.

चित्रपटाने घेतलेली सूट

तक्रार नाही असं नाही. पाले निर्दोष होता तो या एका गुन्ह्यापुरता. एरवी तो एका तरुणाला घरात बांधून ठेवणारा माणूस. टोळीही नावाच्या अगदी उलट, खूनबाजीवर जगणारी. त्यामुळे 'चुकून मारले' याची टोचणी बघणाऱ्याला फार वेळ राहत नाही. मारले ते बरेच झाले, बोदाश्काही सुटला. मर्यादा खाली ओढल्यावर ओलसनऐवजी एखादा शाळामास्तर निघाला असता तर? दहा हजारांत एकच्या हिशोबात शाळामास्तर निघण्याचीच शक्यता जास्त. तो चित्रपट बघताना कुणी हसलं नसतं, आणि येन्सनने तो केला नाही. विनोद टिकवण्यासाठी त्याने नशीब नायकाच्या बाजूने झुकवलं. ज्या चित्रपटाचा विषयच योगायोग, त्यात हा सगळ्यात सोयीचा योगायोग आहे.

शेवटही त्याच सोयीचा. मटिल्डेच्या मित्राने समाजमाध्यमावर टाकलेल्या एका फोटोमुळे टोळीला घर सापडतं, मोठा गोळीबार होतो, मार्कुस जबर जखमी होतो, आणि आपली सगळी माणसं वाचतात. मग नाताळ येतो. मार्कुस, मटिल्डे, तिघं विक्षिप्त पुरुष आणि बोदाश्का, असं एक चमत्कारिक कुटुंब झाडाभोवती बसतं. पोलिस कुठे आहेत, इतक्या प्रेतांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. माझ्यातल्या छाननीवालीला हे पटत नाही. माझ्यातली प्रेक्षक मात्र मार्कुस त्या टेबलाशी बसलेला बघून गप्प बसते, कारण सत्य कळल्यावर तो जसा कोसळला होता ते आठवत असतं. शत्रू नाही म्हटल्यावर त्याच्याकडे फक्त बायको गेल्याचं दुःख उरलं होतं, आणि ते तो तोपर्यंत एकदाही रडला नव्हता.

तालिनमधल्या मुलीला निळी सायकल मिळते.

फाइल बंद करताना माझ्याकडे एक रकाना मोकळाच राहिला. सँडविचवाला. पाले समजून ज्याचा शोध चालला होता तो इजिप्तचा माणूस अलीकडच्या स्टेशनावर उतरला आणि आपल्या वाटेने निघून गेला. इकडे त्याच्या चेहऱ्यावरून डझनभर माणसं मेली, तिकडे त्याला काही पत्ता नाही. चव आवडली नसेल, पोट बिघडलं असेल, कुणाचा फोन आला असेल. त्याने ते का टाकलं, हे त्याला कुणीच विचारलं नाही.